स्वतःच्या कानांनी

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, ४ ऑगस्ट १९५७

राजलक्ष्मी,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, ते वाचूनच तू पत्र फाडशील, म्हणून खोडलं. खोडलेलं 'प्रिय' आणखीनच वाईट दिसायला लागलं, म्हणून कागद बदलला. आता नुसतं नाव लिहिलंय तर हजेरी घेतल्यासारखं वाटतंय. असू दे.

तू श्योपूरला जाऊन आज नऊ दिवस झाले. पोचल्याचं पत्र आबासाहेबांना मिळालं. मला कसं कळलं म्हणशील, तर ते मीच त्यांना वाचून दाखवलं. चिडू नकोस. मी पाटणकर बाजारातून शाळेसाठी खडू घेऊन येत होते. तुमच्या गल्लीत शिरायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं, तरी शिरले. तुझे वडील ओट्यावर पत्र डोळ्यांशी धरून बसले होते, आणि पत्र उलटं होतं. मोतीबिंदू फार वाढलाय गं. तू गेल्यावर त्यांना वाचून दाखवणार कोण? मग मी वाचलं. छोट्या गाडीने अकरा तास लागले, शाळेत एकोणीस मुली आहेत, खोली बरी आहे. आबासाहेब खूश झाले. "रोज येत जा, मास्तरीण," म्हणाले. तेव्हापासून रोज जाते.

आपल्यात काय झालं ते त्यांना माहीत नाही. तू सांगितलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

इंदरगंजच्या कचेरीत आत काय झालं ते तुला तरी नीट कुठे माहीत आहे? तू बाहेर बाकावर बसली होतीस आणि दार लोटलेलं होतं. तुला कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

राज्य बदललं, राजधानी भोपाळला गेली, आणि नव्या यादीत कोण वरचा, कोण खालचा हे ठरवायला समिती बसली. तुझ्या नेमणुकीचा कागद एकोणचाळीस सालचा, माझा सदतीसचा. पण तू शिकवायला लागलीस छत्तीस साली, बक्षीस-समारंभात शिक्षणखात्याच्या साहेबांनी भरल्या सभेत तोंडी हुकूम दिला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तेव्हा दरबारात तोंडी हुकमाला कागदाइतकंच वजन होतं. कागद मागून यायचा, तुझा तीन वर्षांनी आला. आता त्या सभेतली माणसं राहिलीत किती? साहेब गेले, आपल्या मोठ्या बाई गेल्या. लष्करात उरले मी एकटी. म्हणून तू मला साक्षीला बोलावलंस.

समितीचे साहेब फार सभ्य माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "बहनजी, उस जलसे में आप मौजूद थीं?"

मी म्हटलं, "जी, थी."

"साहब ने राजलक्ष्मी बाई को हुक्म दिया, ये आपने अपने कानों से सुना?"

मी म्हटलं, "नहीं."

काय म्हणायला हवं होतं? माझी नेमणूक तेव्हा व्हायची होती, मी नुसती मदतीला यायचे; अंगणात मुलींना ओळीने बसवून पेढे वाटत होते. पाचव्या मिनिटाला आतून बातमी आली, तू रडत बाहेर आलीस, मी तुझ्या तोंडात पेढा कोंबला. हे सगळं मी त्यांना सांगितलं. म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "सब को मैं कहाँ से बुलाऊँ?" आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मी खरं तेच बोलले. आमच्या तात्यासाहेबांनी तर दोन दिवस गल्लीभर कौतुक सांगितलं. थोरल्या भावाने एवढं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं दरबारचं दफ्तर सांभाळलं त्यांनी. "डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं, नाही ते नाही," म्हणाले. "मैत्रिणीसाठीसुद्धा जीभ घसरली नाही पोरीची."

कचेरीतून मागच्या दाराने निघून गेले ते मुद्दाम नव्हे. पुढच्या दारात सायकलींची गर्दी होती. आणि बदली थेट श्योपूरला होईल हे मला काय ठाऊक?

पाणी उकळून पीत जा.

शरयू


लष्कर
१ सप्टेंबर १९५७

राजलक्ष्मी,

माझ्या पत्राला उत्तर नाही. आबासाहेबांना मात्र दर आठवड्याला पत्र येतं. मला नाही लिहीत तर नको लिहूस, पण त्यांची पत्रं माझ्याच तोंडून त्यांच्या कानात जातात हे तुला माहीत आहे. त्यात माझं नाव एकदाही नसतं, आणि ते मी दर वेळी मोठ्याने वाचते. तू ही शिक्षा ठरवून दिलीस की आपोआप झाली, ते सांग.

आता मी मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसते. यादी लागली, माझं नाव वर, तुझं खाली. लष्करात त्या दर्जाची जागा एकच, म्हणून वरची राहिली, खालची गेली. सुमनताई पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "अब तो आप बड़ी बहनजी हो गईं. सच बोलने का फल मिलता है, देखो." आणि हसली. बाकीच्याही हसल्या. घरी तात्यासाहेब म्हणतात खरं बोललीस, शाळेत सुमनताई म्हणते खरं बोललीस. दोघांचे शब्द तेच. घरी ऐकताना बरं वाटतं, शाळेत ऐकताना कानशिलं तापतात. माझं मलाच कळेनासं झालंय.

परवा आबासाहेबांनी विचारलं, "काय गं, इतक्या लांब का फेकलं माझ्या राजीला? तू तर तिच्या मागं उभी होतीस ना?"

मग पागेतल्या भरतीची हकीकत सांगत बसले. तू लहानपणापासून ऐकली असशील, मी पहिल्यांदा ऐकली. नवा माणूस भरतीला आला की एक जुना शिलेदार त्याच्या मागे उभा राहायचा, खांद्यावर हात ठेवून. भरती करणारा बक्षी नव्याला काही विचारायचाच नाही, फक्त मागे कोण आहे ते बघायचा आणि नाव लिहायचा. कूळ काय, गाव कुठलं, काही नाही. आणि तो नवा पळून गेला, तर मागे उभा राहिलेल्याचं घोडं सरकारजमा.

मी विचारलं, "म्हणजे त्या माणसाबद्दल तुम्हाला सगळी माहिती असायची?"

"अगं, माहिती कशाला पाहिजे?" आबासाहेब म्हणाले. "माणूस आपला आहे, बास. घोडं गेलं तर गेलं. मी सात जणांच्या मागं उभा राहिलो. दोन घोडी गेली."

आमच्याकडे असं नसतं. आमच्या घरी साक्ष म्हणजे दफ्तराची नक्कल. मूळ कागदात नाही ते नकलेत आलं, तर नक्कल करणाऱ्याचा हात छाटावा असं आमचे आजोबा म्हणायचे. मी त्या घरात वाढले, तू त्या घरात. आणि आपण दोघी एकवीस वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्ला. तू मला 'हो म्हण' असं कधीच म्हणाली नाहीस. आदल्या दिवशी फक्त म्हणालीस, "येशील ना?" मी म्हटलं, "येईन." आणि मी आले. मग तुला नेमकं काय हवं होतं?

आबासाहेब उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "हो, उभी होते."

समितीसमोर जे जमलं नाही ते इथे पटकन जमलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं," आणि आत जाऊन माझ्यासाठी डब्यातला लाडू चाचपडत घेऊन आले. तो मी खाल्ला.

शरयू


लष्कर
रविवार, ६ ऑक्टोबर १९५७

राजी,

परवा दसऱ्याला आबासाहेबांना सोनं द्यायला गेले होते. तुझं पत्र आलेलं होतं. निम्मं वाचून झालं आणि मध्येच कंसात तुझं अक्षर बारीक झालं. 'वाचणाऱ्या बाईंस: पुढच्या ओळी आबासाहेबांना वाचू नयेत. बारा दिवस ताप येतो आहे. हिवताप आहे असे कंपाउंडर म्हणतात. शेजारच्या बाई पाणी आणून देतात. त्यांना कळता कामा नये.' आणि कंसाबाहेर लगेच, 'इथली हवा मला मानवली आहे.'

दोन महिन्यांत मला उद्देशून लिहिलेल्या तुझ्या चार ओळी ह्या. वाचणाऱ्या बाईंस!

मी कंस गाळून पुढचं वाचलं. आबासाहेब म्हणाले, "मध्येच थांबलीस काय?" मी म्हटलं, "अक्षर लागत नव्हतं." ते म्हणाले, "तबियत कशी आहे म्हणते?" मी म्हटलं, "ठणठणीत. हवा मानवली म्हणते." तू सांगितलंस म्हणून मी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलले, आणि तुला खात्री होती की मी बोलेन. मग मी खोटं बोलत नाही असं मीच कशाला धरून बसले आहे?

घरी येऊन जेवले नाही. वहिनींना वाटलं उपास आहे.

राजी, पहिल्या पत्रात मी काही गोष्टी जशा लिहिल्या तशा त्या नव्हत्या. पुढच्या दारात सायकली नव्हत्या. एकसुद्धा नव्हती. तू बाकावर बसली असशील आणि माझ्याकडे बघशील, म्हणून मी शिपायाला विचारून मागच्या दाराने गेले.

आणि श्योपूरचं मला माहीत होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी सुमनताईने नळावर सांगितलं होतं, दोघींपैकी जी खाली येईल तिला श्योपूर. म्हणजे 'नहीं' म्हणताना मला ठाऊक होतं की एक जण इथे राहणार, एक जण जाणार. मी खरं बोलायचं म्हणून 'नहीं' म्हणाले, की इथे राहायचं म्हणून? हे मी स्वतःला रोज विचारते. कधी एक उत्तर येतं, कधी दुसरं. श्योपूर मधे नसतं, तरी मी 'नहीं'च म्हणाले असते का? वाटतं, म्हणाले असते. पण ते तपासायला आता कुठलाच मार्ग नाही.

आणखी एक आहे. ते तू विसरली असशील, पण मी विसरलेले नाही, विसरल्यासारखं करत होते. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं तेव्हा सगळ्यांचे कागद मागवले होते. माझ्या ट्रेनिंगच्या प्रमाणपत्राला वाळवी लागली होती, नुसता चुरा उरला होता. तू लिहून दिलंस, 'सदर प्रमाणपत्र मी स्वतः पाहिले आहे.' कधी पाहिलं होतंस तू? मी ते कोणालाच दाखवलं नव्हतं, तिसरा वर्ग मिळाला होता म्हणून लाज वाटायची. तू खालीवर न बघता सही ठोकलीस आणि म्हणालीस, "चल, आता बेडई खिलव." आपण ती डाळीची पुरी खाल्लीसुद्धा, दोन-दोन. त्या दिवशी माझ्या घरचं दफ्तर कुठे गेलं होतं? तेव्हा मला तुझी सही खोटी वाटली नाही, मायेची वाटली.

माझं प्रमाणपत्र खरंच होतं. तुझी नेमणूकही खरीच होती. तू न पाहिलेलं पाहिलं म्हणालीस आणि खरं ते टिकलं. मी न ऐकलेलं नाही म्हणाले आणि खरं ते बुडालं. हे कुठल्या हिशेबात बसवायचं? तात्यासाहेबांना विचारावं तर तुझी अठ्ठेचाळीसची सही सांगावी लागेल, आणि ते तुला खोटारडी म्हणतील. ते मला ऐकवणार नाही.

यादीवर हरकत घ्यायला पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे. समितीला सगळंच सांगावं असंही मनात आलं, की बाबांनो, न पाहता दिलेली साक्ष चालत नसेल तर माझं नावही खोडा. पण मग पहिल्यांदा तूच अडकशील. तेव्हा तो रस्ता बंद आहे.

क्विनाइन घेतेस का? कडू लागतं म्हणून टाकू नकोस. मी ठरवते आहे. काय ठरवते आहे ते विचारू नकोस, विचारणारही नाहीस म्हणा.

शरयू


लष्कर
२० ऑक्टोबर १९५७

राजी,

झालं. सोमवारी इंदरगंजला गेले आणि खोटं बोलले.

घरून निघताना पाठ करून निघाले होते. मुलींना कविता पाठ करायला लावतो तशी, तीनदा म्हटली. म्हटलं, त्या दिवशी मी घाबरले होते. साहेब लेखी हुकमाविषयी विचारताहेत असं समजून 'नाही' म्हणाले. प्रत्यक्षात तोंडी हुकूम मी ऐकला होता.

साहेबांनी चष्मा काढला. "बहनजी, आप जानती हैं इसका मतलब? आपकी कुर्सी जाएगी. आपको श्योपूर जाना पड़ेगा."

"जी, जानती हूँ."

"तो साहब के लफ़्ज़ क्या थे?"

हे मी पाठ केलं नव्हतं.  मग तोंडातून निघालं, "कल से ये बाई चौथी को पढ़ाएँगी."

"और आप कहाँ खड़ी थीं?"

"दरवाज़े में. पेढ़ों की थाली लेकर."

राजी, ती थाळी कुठून आली देव जाणे. थाळी अंगणात होती, माझ्याबरोबर. पण मी ती सरळ दारात आणून ठेवली, आणि ते शब्द शिक्षणखात्याच्या साहेबांच्या तोंडी घातले. समितीच्या साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग मला म्हणाले ते ऐक. म्हणाले, "जो अपना नुक़सान करके बोले, उसकी बात न मानूँ तो किसकी मानूँ?" आणि उठून उभे राहिले, माझ्यासाठी. चहा मागवला. जुलैमध्ये खरं बोलले तेव्हा नुसतं पाणी मिळालं होतं.

 मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, तुमची पारख उलटी आहे. पण ती उलटी आहे म्हणूनच तू परत येणार होतीस. चहा तसाच ठेवला आणि पुढच्या दाराने बाहेर आले. बाक रिकामा होता.

तात्यासाहेबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते, त्याची घडी घातली. विचारलं, "आधीचं खोटं होतं की आताचं?"

मी म्हटलं, "आधीचं खरं होतं. पण आताचं न्यायाचं आहे."

"असे दोन कप्पे आपल्या घरात नव्हते," म्हणाले आणि उठून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलणं वहिनींमार्फत चालतं. "शरयूला सांगा, पंचांग कुठे ठेवलंय," आणि मी समोरच बसलेली असते. सुमनताई मात्र एकदम बदलली. काल स्वतःच्या डब्यातली भाजी आणून दिली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "दीदी, हमने आपको ग़लत समझा." खरं बोलले तेव्हा तिला मी लबाड वाटले, आता खोटं बोलले तर साध्वी वाटते. घरात नेमकं उलटं. मला कोणाचंच पटत नाही. त्यांना मुळात काय झालं ते माहीत नाही आणि मला माहीत असून कळत नाही.

ताप उतरला का? कंसातली ओळ या खेपेला नव्हती, तरी मी शोधली.

तुझी
शरयू


लष्कर
रविवार, १ डिसेंबर १९५७

राजी,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या नावावर आलेलं पहिलं. पोस्टमनने दिलं तेव्हा मी वर्गात होते, सगळा तास ते पुस्तकाखाली ठेवून शिकवलं. उघडून बघते तर अडीच ओळी. 'आदेश मिळाला. अजून सही केलेली नाही. त्या दिवशी तू अंगणात होतीस. मी तुला खिडकीतून पाहिलं होतं.'

कचेरीत विचारलं. ते म्हणाले, दोघींच्या अदलाबदलीचा आदेश गेलाय, तिकडून संमतीचा कागद आला की तुम्हाला मोकळं करू, मुदत पंधरा डिसेंबर. नाही आला तर जसं आहे तसंच चालू राहील. म्हणजे तू तिथे, मी इथे, तू अठ्ठेचाळीस साली माझ्यासाठी केलेल्या सहीच्या जोरावर खुर्चीत.

तू मला खिडकीतून पाहिलंस. ठीक आहे, पाहिलं असशील. पण एक सांगते, हसू नकोस. मला आता ते वाक्य ऐकू येतं. 'कल से ये बाई चौथी को पढ़ाएँगी.' साहेबांचा आवाज येतो, थोडा अनुनासिक. दार दिसतं. थाळीचा काठ बोटांना रुतल्याचं आठवतं. हे मी ऑक्टोबरमध्ये रचलं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी अंगण आठवायला गेले की आधी दारच समोर येतं, आणि अंगण मागून, ओढून आणावं लागतं. एखाद्या वेळी वाटतं, मी पेढे आणायला आत गेले असेन का? एक क्षण, दारापर्यंत? मग जुलैमध्ये मी खोटं बोलले होते का? वेडी झालेय म्हण हवं तर. तू तरी खिडकीतलं नीट धरून ठेव.

आता आबासाहेबांचं. मी त्यांना सांगितलं. तू न सांगण्याविषयी कधीच लिहिलं नव्हतंस, ते माझं मीच ठरवलं होतं. मागच्या रविवारी ते पुन्हा म्हणाले, "तू माझ्या राजीच्या मागं उभी राहिलीस, ते उपकार मी विसरणार नाही," आणि मला ते पुढे ऐकवेना. सगळं सांगून टाकलं. जुलै, ऑक्टोबर, थाळी, सगळं.

मला वाटलं, जुलैसाठी ते शिव्या देतील. पागेतला माणूस. किंवा ऑक्टोबरसाठी पाठ थोपटतील, घोडं गेलं ना माझं. त्यातलं काहीच नाही. काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चार महिने समोर बसून तिच्या चिठ्ठ्या वाचल्यास. मी लाडू दिले. तू खाल्लेस."

बास, एवढंच. कचेरीचं नावही नाही. राजी, मी एवढे दिवस खरंखोटं तोलत बसले होते, आणि त्यांना लागला तो लाडू. मी तिथेच रडले. त्यांनी रडू दिलं, जवळ बोलावलं नाही.

तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंबरोबर निरोप आला, मास्तरीणबाईंना पाठवा. गेले तर मांडीवर तुझी सगळी पत्रं, ऑगस्टपासूनची. म्हणाले, "बैस. पहिल्यापासून वाच. या बारीला काही गाळायचं नाही."

मी वाचलं. कंसातलंही वाचलं. तू नको म्हणालीस तरी वाचलं, त्याबद्दल हवी ती शिक्षा कर. तापाची ओळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. ऑक्टोबरमध्ये मी त्या ओळीच्या जागी 'ठणठणीत' म्हणाले होते ते त्यांच्या बरोबर लक्षात होतं. "आता बरी आहे का?" विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." म्हणाले, "हे बराबर सांगितलंस."

मग तुझं कार्ड वाचलं. म्हटलं, "ती सही करत नाही. म्हणते, मी अंगणात होते."

आबासाहेब एकदम भडकले. "अगं होतीस ना अंगणात! मग होतीस! तुम्ही दोघी जन्मभर त्यावर भांडत बसा, कोणी अडवलंय? इथं माझ्यासमोर बसून भांडा." आणि मग आवाज बसला. "मला अजून उजेड कळतो. दारात कोणी आलं तर माणूस आहे एवढं कळतं. तोंड नाही कळत. डाक्टर म्हणाला, आता कापून काही फायदा नाही, होळीपर्यंत तेवढंही जाईल. मला तिला दारात उभी राहिलेली एकदा बघायची आहे. लिही तिला."

"असंच लिहू?"

"असंच लिही."

लिहिलं. डॉक्टरांचं मला त्यांनी आजपर्यंत सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. गाळणारी मी एकटीच नव्हते.

माझ्या साक्षीच्या जोरावर खुर्चीत बसायला तुला लाज वाटते हे मला कळतं. मलाही वाटली असती. तू सही केलीस की ते खोटं आपल्या दोघींचं होईल, आणि तू ते मला कधी माफ करशील असं मला वाटत नाही. मी कुठे चुकले, जुलैत, ऑक्टोबरात, की लाडू खाल्ला तेव्हा, हे मला अजून सांगता येत नाही आणि आता येईल असंही वाटत नाही. मी श्योपूरला आले की तुझी खोली घेईन, तुझ्या एकोणीस मुली घेईन. तू लष्करात आलीस की माझं नाव काढू नकोस, पत्राला उत्तर देऊ नकोस, मला चालेल. तू माझ्याशी बोलावंस म्हणून हे लिहीत नाही. म्हणजे, म्हणूनही लिहिते, पण आज त्यासाठी नाही.

होळीला तीन महिने आहेत. सही कर, राजी.

शरयू